बेल वाजली, पण घरात वीज नव्हती

लिनक्सचे ड्रायव्हर लिहायला शिकायचंय असं कुणी म्हटलं, की आजही हमखास एकच पुस्तक पुढे केलं जातं: 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स', तिसरी आवृत्ती, २००५. पहिली आवृत्ती अलेस्सांद्रो रुबिनी यांनी १९९८ मध्ये एकट्याने लिहिली. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोनाथन कॉर्बेट आले, तिसरीत ग्रेग क्रोआ-हार्टमन. चौथी आवृत्ती काही निघाली नाही. तिसरी मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली आहे, त्यामुळे पुण्यातल्या हॉस्टेलवर असो की सालमियातल्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, एक पैसा न मोजता ती वाचता येते. संगणकाच्या पुस्तकांना दूध-भाजीसारखी मुदत असते. वीस वर्षं टिकलेलं पुस्तक म्हणजे त्यात काहीतरी दम आहे.

त्या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती 'आता जुनं झालं' ही नाही. जुनं होणं हा काही गुन्हा नव्हे. तक्रार अशी, की उपकरण हाक कशी मारतं हे ते सुरेख शिकवतं, पण उपकरणाला झोपवायचं कसं हे जवळजवळ शिकवतच नाही. पुढे झोपेबद्दलचा मजकूर आला, तर त्याने हाकेकडे पाठ फिरवली. खरा धोका या दोघांच्या मधल्या फटीत आहे आणि नवशिका नेमका तिथे पडतो. तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहीत नसलात तरी पुढे वाचा. तुमच्या खिशातल्या फोनची बॅटरी आणि वाळवंटात एकट्या उभ्या असलेल्या मोजणी-पेट्या याच फटीच्या काठावर चालतात.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. कर्नल म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी बोलणारा त्या गाभ्यातला माणूस. उपकरणाला काही सांगायचं असतं तेव्हा ते एका तारेवरून प्रोसेसरला हाक मारतं, तिला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून ड्रायव्हरमधलं एक छोटं फंक्शन चालवतो, तो हँडलर. हे समजावताना सगळेच दाराच्या बेलचं उदाहरण देतात. दर मिनिटाला उठून दार उघडून पाहण्यापेक्षा बेल लावलेली बरी. उदाहरण चुकीचं नाही, अपुरं आहे. का, ते पुढे येईलच.

या पुस्तकाचं दहावं प्रकरण इंटरप्टवर आहे. ते का गाजलं हे आधी मान्य करायला हवं. लेखकांनी 'शॉर्ट' नावाचा एक छोटा ड्रायव्हर घेतला आणि त्याला कामाला लावलं जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर. पोर्टच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिना एका तारेने जोडायच्या, पोर्टमध्ये इंटरप्ट चालू करायचा, आणि मग एक बाइट लिहिला की त्याच्या वरच्या बिटाच्या चढ-उताराने इंटरप्ट येतो. वितभर तार, दोन पिना, की हाक तयार! महागडं बोर्ड नको, प्रयोगशाळा नको. संकल्पना विद्यार्थ्याच्या बोटांपर्यंत पोहोचवणारं असं उदाहरण सुचायला लेखक मुरलेला लागतो. हँडलरचे दोन भाग का करायचे, तातडीचं काम आत्ता आणि बाकीचं सावकाश का, हेही त्यांनी घाई न करता मांडलंय. शेअर्ड इंटरप्ट, म्हणजे एकाच तारेवर अनेक उपकरणं, हा भागही आहे. हँडलरने सगळ्यात आधी 'हाक माझ्याच उपकरणाने मारली का?' हे तपासावं, नसेल तर मुकाट परत फिरावं, असा तिथला धडा आहे. 'शॉर्ट'चा शेअर्ड हँडलर तेच करतो: पोर्टमधून एक बाइट वाचतो, वरचा बिट पाहतो, तो शून्य असेल तर निघून जातो.

आता त्या हँडलरची पहिलीच ओळ पुन्हा पाहा. पोर्टमधून बाइट वाचायचा. उपकरण आपल्या प्रश्नाला उत्तर देईल, हे त्या ओळीने गृहीतच धरलंय. पॅरलल पोर्टच्या बाबतीत ते खरं होतं. ते पोर्ट कधी झोपत नसे. मशीन चालू म्हणजे पोर्ट चालू. या प्रकरणातलं सगळं जग भिंतीतल्या प्लगला जोडलेलं आहे.

प्लगच्या त्या जगाचा एक चांगला नमुना कुवेतमध्येच घडला होता. ऐंशीच्या दशकात इथे राहिलेल्यांना 'सखर' हे नाव आठवेल. मोहम्मद अल-शारेख यांच्या अल-आलमिया कंपनीने जपानी बनावटीच्या एमएसएक्स संगणकांना अरबी रूप दिलं आणि अरब जगातल्या घराघरांत, शाळांत पोहोचवलं. एएक्स-१७० हे त्यातलं एक गाजलेलं मॉडेल. १९९० च्या आक्रमणानंतर सखरचा मुक्काम कैरोला हलला. या यंत्रांत झेड-८० प्रोसेसर होता आणि इंटरप्टची व्यवस्था अगदी बाळबोध. पडद्यावरचं एक चित्र रंगवून झालं की चित्रचिप हाक मारायची, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा. प्रत्येक हाकेला प्रोसेसर एकाच ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायचा, आणि त्याच उडीत घड्याळ पुढे सरकायचं, कळफलक तपासला जायचा. झोपेची सोय? झेड-८० ला 'हॉल्ट' अशी आज्ञा आहे. तिने प्रोसेसर पुढची हाक येईपर्यंत थांबतो. पण थांबतो म्हणजे काय करतो, तर 'काही करू नको' ही आज्ञा आतल्या आत पुन्हा पुन्हा चालवत राहतो, कारण मेमरी ताजी ठेवायचं काम त्याच्याकडे आहे. म्हणजे डोळे मिटलेले, पण घरातले सगळे दिवे चालू.

२००५ चं पुस्तक झेड-८० पेक्षा कितीतरी पुढच्या यंत्रांसाठी लिहिलेलं आहे. तरी विजेच्या बाबतीत त्याची नजर सखरच्या काळातलीच. चौदाव्या प्रकरणात कर्नलला उपकरणांचा वंशवृक्ष का ठेवावा लागतो याची कारणं देताना वीज-व्यवस्थापनाचा उल्लेख येतो: फांदीवरची उपकरणं आवरल्याशिवाय फांदी बंद करता येत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण त्याचं स्वतंत्र प्रकरण झालं नाही. तेव्हा 'झोप' म्हणजे लॅपटॉपचं झाकण मिटणं, सगळं यंत्र एकदम झोपणं. यंत्र जागं असताना त्यातलं एखादंच उपकरण झोपावं, ही गरज अजून दारात उभी राहिलेली नव्हती.

ती आली फोनबरोबर. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३२ मध्ये राफाएल वायसॉकी यांनी घडवलेली रनटाइम पॉवर मॅनेजमेंट ही व्यवस्था दाखल झाली, आणि तिच्यासोबत कर्नलच्या कागदपत्रांत एक दस्तऐवज. पुढे अ‍ॅलन स्टर्न यांनीही त्यात भर घातली. माझ्या समीक्षेतला दुसरा मजकूर तो.

ही व्यवस्था कुवेतमधल्या कुणालाही दोन मिनिटांत समजेल. चार जणांचा शेअरिंगचा फ्लॅट घ्या. एसी कधी बंद करायचा? शेवटचा माणूस बाहेर पडेल तेव्हा. म्हणजे दारावर एक आकडा हवा: आत आलात की एक वाढवा, बाहेर पडलात की एक कमी करा, शून्य झाला की एसी बंद. रनटाइम पीएमचा वापर-आकडा हाच. उपकरण वापरण्याआधी 'गेट', वापरून झाल्यावर 'पुट'. खाली बकाल्यातून खुबूस आणायला पाच मिनिटं गेलात तर कुणी एसी बंद करत नाही, कारण तेवढ्याशा वेळासाठी बंद-चालू करण्यात काही अर्थ नसतो. त्यासाठी दस्तऐवजात ऑटोसस्पेंड आहे: आकडा शून्य झाल्यावरही ठरावीक वेळ वाट पाहायची, मगच झोपवायचं. आणि सुट्टीत भारतात जाताना एसी पूर्ण बंद करावा की मंद चालू ठेवावा, बंद ठेवला तर ५० अंशांच्या उन्हाळ्यात आतल्या वस्तूंचं काय होईल, हा आपल्याकडचा दरवर्षीचा वाद इथेही आहेच. खोल झोपेत वीज जास्त वाचते, पण जागं होताना सगळी रजिस्टरं पहिल्यापासून भरावी लागतात.

दस्तऐवजाची भाषा खरेदीखतासारखी आहे. प्रत्येक कलम नेमकं, शब्द मोजून वापरलेला, कुठेही पळवाट नाही. कर्नलवर काम करणाऱ्याला असाच कागद हवा असतो, हे त्याचं बलस्थान. पण खरेदीखत वाचून घरात राहायला शिकता येत नाही. एक उदाहरण देतो. सुरुवातीला प्रत्येक उपकरणाची नोंद 'झोपलेलं' अशी असते, मग ते प्रत्यक्षात जागं का असेना. वस्तुस्थिती काय ते ड्रायव्हरने स्वतः कळवायचं. दस्तऐवज हे स्पष्ट सांगतो, पण कलमांच्या ओघात. नवशिक्याला ज्या वाक्यापाशी हात धरून थांबवायला हवं, ते वाक्य बाकीच्यांच्याच सुरात निघून जातं.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. 'गेट'च्या जुन्या फंक्शनची तऱ्हा अशी, की उपकरण जागं करताना काही बिघडलं तर ते चूक कळवतं, पण आकडा वाढवलेला तसाच ठेवतं. म्हणजे माणूस दारात आला, आत वीज नाही असं पाहून परत गेला, पण दारावरचा आकडा एकाने वाढलेलाच राहिला. आता तो शून्य कधी होणार? कधीच नाही. चूक आली म्हणजे आपण आत गेलोच नाही, असं समजणं स्वाभाविक आहे, आणि कितीतरी ड्रायव्हरांच्या लेखकांनी तसंच समजून 'पुट' गाळलं. २०२० मध्ये अशा गळत्या बुजवणाऱ्या दुरुस्त्यांची रांग लागली आणि वर्षाच्या अखेरीस एक नवं फंक्शन आलं, जे अपयश आलं तर आकडा स्वतःच मागे घेतं. इतक्या जणांचा पाय एकाच दगडाला अडखळत असेल तर वाट तपासायला हवी, पाय नव्हे. नियम लिहिलेला होता. तो शिकवलेला नव्हता.

आता त्या फटीकडे येतो. बेलचं उदाहरण अपुरं आहे असं वर म्हटलं, कारण घरची बेल एका दाराची असते. शेअर्ड इंटरप्ट म्हणजे इमारतीच्या हारिसकडे जाणारी एकच तार, आणि तिला जोडलेले चार फ्लॅट. कुणीही बटण दाबलं तरी खाली एकच बेल वाजते. कुठल्या फ्लॅटने दाबलं हे हारिसला कळत नाही, म्हणून तो चारही दारांवर जाऊन विचारतो, 'तुम्ही बोलावलंत का?' दहाव्या प्रकरणाचा धडा हाच.

पण तिसऱ्या फ्लॅटचं कुटुंब सुट्टीवर गेलंय आणि जाताना मेन स्विच बंद करून गेलंय. बेल वाजवली पहिल्या फ्लॅटने. हारिस शिरस्त्याप्रमाणे तिसऱ्या दारावरही जातो आणि विचारतो. पुढे काय होतं ते इमारतीवर, म्हणजे हार्डवेअरवर अवलंबून. पीसीआय उपकरण खोल झोपेत असेल तर वाचलेल्या रजिस्टरमधले सगळे बिट एक येतात. हारिसच्या भाषेत, रिकाम्या घरातून प्रत्येक प्रश्नाला 'हो' ऐकू येतं. डेटा आला? हो. चूक झाली? हो. काम संपलं? हो. हँडलर त्यावर विश्वास ठेवतो आणि न आलेला डेटा उचलायला धावतो. फोनमधल्या किंवा छोट्या बोर्डांवरच्या चिपमध्ये गत याहून वाईट. तिथे एखाद्या भागाचं क्लॉक किंवा वीज बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं, तर बसवरच चूक उठते आणि कर्नल कोसळतो, किंवा अख्खी प्रणाली जागच्या जागी गोठते. हे सगळं कशामुळे, तर शेजाऱ्याने बेल वाजवली म्हणून.

'शॉर्ट'च्या हँडलरमधली ती निरागस पहिली ओळ आता पुन्हा आठवा.

उलट बाजूही आहे. आपलं उपकरण झोपलंय म्हणून हँडलर सरसकट 'माझी हाक नाही' म्हणू लागला आणि हाक खरं तर त्याचीच असेल, तर तार वाजतच राहते. कर्नल हिशेब ठेवतो: एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिकांना कुणीच वाली नसेल तर तो 'नोबडी केअर्ड' असा संदेश लिहितो, म्हणजे कुणालाच पर्वा नव्हती, आणि ती तारच बंद करून टाकतो. मग त्याच तारेवरचे बाकीचे शेजारीही मुके होतात. एका घराच्या बेफिकिरीने सगळ्या मजल्याची बेल तोडली जाते.

यातून वाट आहे, आणि ती फार अवघडही नाही. झोपवताना क्रम पाळायचा. आधी कुलूप घेऊन 'मी झोपायला चाललो' अशी स्वतःची खूण करायची. मग उपकरणालाच सांगायचं की आता हाक मारू नकोस. मग आधीच धावत असलेला हँडलर संपेपर्यंत थांबायचं. त्यासाठी कर्नलमध्ये खास फंक्शन आहे. या तिन्ही गोष्टी झाल्यावरच वीज काढायची. आणि हँडलरने रजिस्टर वाचण्यापूर्वी ती खूण पाहायची: उपकरण जागं आहे का? नसेल तर हाक आपली असूच शकत नाही, कारण हाक मारायची बंदी आपणच केलीय. उठताना सगळं उलट क्रमाने. म्हणजे हँडलरचा पहिला प्रश्न 'हाक तू मारलीस का?' हा नाहीच. पहिला प्रश्न 'तू जागा आहेस का?' आणि तो उपकरणाला विचारायचा नाही, स्वतःच्या वहीत पाहायचा.

एवढे चार-पाच नियम. पण ते सापडतात कुठे? २००५ च्या पुस्तकात नाहीत, कारण तेव्हा प्रश्नच नव्हता. दस्तऐवजाच्या शेवटच्या भागात 'फू' नावाचं कल्पित उपकरण घेऊन एक आराखडा दिलाय आणि तो चांगला आहे. झोपवायला निघालो आणि तेवढ्यात नवं काम आलं तर काय, ही शर्यत त्यात कुलपासकट सोडवून दाखवलीय. पण ते काम घरातून आलेलं आहे. शेजाऱ्याच्या बेलमुळे दारात आलेला हारिस त्या आराखड्यात नाही. उपकरण जागं असेल तरच आकडा वाढवणारी दोन फंक्शनं दस्तऐवजात आहेत: एक म्हणतं 'जागं आणि वापरात असेल तर', दुसरं म्हणतं 'नुसतं जागं असेल तर'. ऑटोसस्पेंडच्या प्रतीक्षेत उपकरण जागं असतं पण आकडा शून्य असतो. तेव्हा हँडलरने पहिलं फंक्शन वापरलं तर उपकरणाची खरी हाकही नाकारली जाईल. दोन्हींची व्याख्या अचूक दिलेली आहे. इंटरप्टमध्ये कुठलं वापरावं, हे वाचकाने आपलं आपण ताडायचं.

गोंधळात भर पडते ती अशी. झाकण मिटून सगळं यंत्र झोपतं तेव्हा काही मोजक्या तारा सोडून उपकरणांच्या हाका कर्नल स्वतःच बंद करतो, आणि झोपवण्याचा एक टप्पा त्यानंतरच चालवतो. त्या टप्प्यात शेजाऱ्याची बेल पोहोचत नाही. त्या झोपेवर पोसलेल्या माणसाला वाटतं, रनटाइमच्या झोपेतही हे छत्र असेल. ते नसतं, आणि असूही शकत नाही, कारण बाकीचं यंत्र जागं आहे आणि शेजाऱ्याला त्याची बेल हवीच आहे.

नंतरच्या लेखकांनी हे भरून काढलं का? श्रीकृष्णन वेंकटेश्वरन यांचं 'इसेन्शियल लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' हे भरगच्च पुस्तक २००८ चं, म्हणजे रनटाइम पीएमच्या आधीचं. त्याला बोल लावता येत नाही. जॉन माद्यू यांच्या २०२१ च्या पुस्तकात वीज-व्यवस्थापनाला स्वतंत्र प्रकरण मिळालं, ही मोठी भर. पण स्वतंत्र प्रकरण मिळालं यातच माझा मुद्दा दडलाय. इंटरप्ट एका प्रकरणात, झोप दुसऱ्या प्रकरणात. विद्यार्थी दोन्ही नीट वाचतो, दोन्ही नीट लिहितो, आणि दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्यावर तिसरीच चूक जन्माला येते.

त्या चुकीचा सगळ्यात पक्का नमुना हा. २००९ मध्येच, २.६.३० पासून, हँडलरला स्वतःचा थ्रेड मिळाला, म्हणजे तो थांबू शकतो, वाट पाहू शकतो. इंटरप्टचं प्रकरण वाचलेला म्हणतो, हँडलर थ्रेडमध्ये आहे, मग आत थांबायला हरकत नाही. झोपेचं प्रकरण वाचलेला म्हणतो, उपकरणाला हात लावण्याआधी 'गेट' करा. दोन्ही सल्ले योग्य. म्हणून तो हँडलरमध्ये 'गेट' लिहितो. नेमकं त्याच क्षणी उपकरण झोपायला निघालेलं असतं. 'गेट' म्हणतं, झोपण्याची क्रिया पुरी होऊ दे, मग उठवतो. झोपवणारं फंक्शन म्हणतं, धावता हँडलर संपू दे, मग झोपवतो. दोघेही 'पहिले आप' म्हणत दारात उभे, कायमचे. ही चूक टेबलावर शंभरदा चालवून पाहिली तरी दिसेलच असं नाही, कारण वेळ काट्यावर जुळावी लागते. जुळते तेव्हा यंत्र माणसांपासून दूर कुठेतरी असतं.

हे कुवेतमध्ये बसून लिहिण्याचं कारण हेच 'दूर कुठेतरी'. वाळवंटात, पाइपलाइनच्या कडेला, विहिरींपाशी बॅटरीवर आणि सौरपट्टीवर चालणाऱ्या पेट्या दाब, तापमान, प्रवाह मोजत उभ्या असतात. त्यांचं आयुष्य झोपेवर चालतं: बहुतेक वेळ निजायचं, हाक आली की उठायचं, मोजायचं, पुन्हा निजायचं. आकड्यातली एक गळती म्हणजे न झोपणारं उपकरण आणि महिन्यांऐवजी दिवसांत रिकामी होणारी बॅटरी. वर सांगितलेली कोंडी म्हणजे मुकी झालेली पेटी. दोन्हींचा इलाज एकच: कुणीतरी गाडी काढून तिथवर जायचं. २१ जुलै २०१६ ला कुवेतच्या मित्रीबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला इथे कायद्याने मनाई आहे, ती उगाच नाही. पुस्तकाच्या दोन प्रकरणांमध्ये राहिलेली फट शेवटी एखाद्या तंत्रज्ञाला किंवा त्याच्या हाताखालच्या मजुराला पायाखालच्या तापल्या वाळूने भरून द्यावी लागते. त्या मजुराने यातलं कुठलंच पुस्तक वाचलेलं नसतं.

हार्डवेअरवाल्यांनी आणि कर्नलवाल्यांनी आपल्या परीने ही फट ओळखलेली आहे, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये उपकरणाच्या नेहमीच्या हाकेशिवाय फक्त उठवण्यासाठी वेगळी तार जोडून देण्याची सोय कर्नलमध्ये आली. रात्रीची वेगळी बेल म्हणा. शिवाय कर्नल घडवताना चाचणीचा एक पर्याय चालू केला, तर तो शेअर्ड हँडलरला मुद्दाम खोटी हाक मारतो: तार सोडली जात असताना एकदा उगाचच बोलावतो. शेजारी अवेळी बेल वाजवणारच, तेव्हा तू तयार आहेस का, याची ती परीक्षा. व्यवस्था घडवणाऱ्यांना धोका पुरता ठाऊक आहे. तो शिकवणाऱ्यांच्या पानांत मात्र उतरलेला नाही.

कुणी म्हणेल, पुस्तकाला इतकं का धरायचं? सगळं तर जिवंत ड्रायव्हरांच्या कोडमध्ये वाचता येतं. येतं, पण कोड क्रम दाखवतो, कारण दाखवत नाही. वीज काढण्याआधी हँडलर संपण्याची वाट पाहणारी ओळ कोडमध्ये दिसते. ती नसती तर काय झालं असतं, ते दिसत नाही. कारण सांगणं हे पुस्तकाचं काम. आपल्यापैकी अनेकांनी ही विद्या कॉलेजात नाही, नोकरी करता करता, परदेशात, रात्री जेवणानंतर पुस्तकं उघडून मिळवलीय. शेजारी विचारायला गुरू नसतो, तेव्हा पुस्तकाने गाळलेली गोष्ट आयुष्यातूनही गळते.

म्हणून चौथी आवृत्ती कुणी लिहिलीच, तर माझी मागणी नव्या प्रकरणाची नाही. दहावं प्रकरणच पुन्हा लिहावं. 'शॉर्ट' तसाच ठेवावा, तारही तशीच ठेवावी, फक्त पॅरलल पोर्टच्या जागी झोपू शकणारं एखादं स्वस्त उपकरण घ्यावं. पहिल्या पानावर हाक, दुसऱ्या पानावर झोप, आणि तिसऱ्यावर लगेच झोपलेल्या उपकरणाच्या तारेवर शेजाऱ्याची हाक. विद्यार्थ्याने ती चूक स्वतःच्या टेबलावर एकदा घडवून, मशीन गोठलेलं पाहून, मग दुरुस्त करावी. दोन पिना तारेने जोडून इंटरप्ट हातात देणाऱ्या लेखकांना हेही सहज जमलं असतं.

तोवर तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी दहावं प्रकरण वाचायला घेईल, तेव्हा हाताशी पेन्सिल ठेवा. जिथे जिथे उपकरणाचं रजिस्टर वाचलं किंवा लिहिलं जातंय, तिथे समासात एवढंच लिहा: 'हे आत्ता जागं आहे हे मला कशावरून माहीत?' बऱ्याच ठिकाणी पुस्तकाकडे उत्तर नसेल, आणि ते तुम्हाला शोधावं लागेल. पुस्तक तरीही वाचाच. इतक्या नीट जागी प्रश्न विचारू देणारी पुस्तकंही फार नाहीत.